फॉल रिस्कचा स्कोअर: पेशंट बघून की फाईल बघून?

वॉर्डवाली

नमस्कार मंडळी. धागा मुख्यतः नर्सिंगवाल्यांसाठी काढतेय, पण ज्यांच्या घरचं कुणी ॲडमिट होतं त्यांनीही जरूर लिहा. तुम्हाला माहीत असलेल्या निम्म्या गोष्टी आमच्या फाईलमध्ये नसतात.

माझं काम वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदरना शिकवण्याचं. सध्या फॉल रिस्कचे, म्हणजे पेशंट पडण्याचा धोका किती हे मोजायचे, फॉर्म तपासतेय. फॉर्म दिसायला अगदी नीटनेटके. वेळेवर भरलेले, सही, तारीख, काही म्हणता काही राहिलेलं नाही. खटकतो तो आकडा. ॲडमिशनला ३५, तर डिस्चार्जपर्यंत प्रत्येक पाळीत ३५. मधे ऑपरेशन झालं, झोपेची गोळी सुरू झाली, कॅथेटर (लघवीची नळी) निघाला, तरी ३५ काही जागचा हलत नाही. सरळ आहे, पेशंटकडे न बघता आधीच्या पाळीचा आकडा उतरवलेला असतो.

म्हणून फॉर्म बाजूला ठेवून एकेकीला विचारायला लागले, की या रकान्यात नक्की काय बघायचं असतं? आमच्याकडे मॉर्स स्केल आहे. जॅनिस मॉर्स यांनी १९८० च्या दशकात तयार केलेलं. सहा मुद्दे: आधी पडल्याचा इतिहास (२५), एकापेक्षा जास्त निदान (१५), चालताना आधार (०, १५ किंवा ३०), सलाइन किंवा लॉक, म्हणजे ड्रिप नसतानाही शिरेत ठेवलेली सुई (२०), चाल (०, १० किंवा २०) आणि मानसिक स्थिती (० किंवा १५). एकूण १२५. आमच्याकडे ४५ आणि वर म्हणजे हाय रिस्क.

सगळ्यात मोठा गोंधळ शेवटच्या मुद्द्यावर. बहुतेकजणी पेशंटला नाव विचारतात, आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे विचारतात. उत्तरं बरोबर आली की शून्य. पण हा मुद्दा त्यासाठी नाहीच! पेशंटला स्वतःच्या ताकदीचा अंदाज आहे का, एवढंच तिथे बघायचंय. विचारायचं असतं, "बाथरूमला एकटे जाल की कुणाला बोलवाल?" आणि आलेलं उत्तर आपण त्याला लिहून दिलेल्या हालचालीशी ताडून बघायचं.

समजा, पोटाचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ आहेत. एपिड्युरल (पाठीतल्या नळीतून वेदनाशामक औषध) चालू, पाय जड, उभं राहायला दोघांचा आधार लागतो. बोलायला एकदम खणखणीत, वार-तारीख पाठ. सलाइनचे २०, बिघडलेल्या चालीचे २०, नर्सच्या आधाराने चालतात म्हणून आधाराला शून्य. झाले ४०, म्हणजे मध्यम. आता तो प्रश्न विचारा. "छे हो, बाथरूमला कशाला कुणी पाहिजे? मी जातो की." झाले ५५. प्रश्न न विचारणाऱ्या सिस्टरच्या फॉर्मवर हे गृहस्थ मध्यमच राहतात, आणि रात्री उठायची शक्यता नेमकी यांचीच जास्त.

दुसरा गोंधळ आधाराचा. काठी नाही, वॉकर नाही, म्हणजे शून्य. पण पेशंट कॉटची कड, मग टेबल, मग भिंत असं धरत धरत जातो, त्याचे ३० आहेत, काठीवाल्यापेक्षा दुप्पट. तिसरा लॉकचा. ड्रिप बंद आहे म्हणून शून्य देतात. हाताला लॉक असला तरी २०.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? आणि हे शिकवायचं कसं? लेक्चर देऊन बघितलं. माना डोलतात, फॉर्म तसेच येतात.

रातकिडा

सिस्टर, मुद्दे सगळे मान्य. पण "समज कमी" या निदानाशी असहमत. हात कमी आहेत.

नाइटला दोघं असतो आणि वॉर्ड भरलेला. कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला की आधीच्या पाळीची उत्तरं आपसूक भरलेली येतात. खाली फक्त 'सेव्ह'. तुम्ही फॉर्म तपासणार म्हणून आम्ही फॉर्म भरतो, पेशंटसाठी नाही, हे कडू आहे पण खरं आहे. पेशंटसाठी जे करतो ते फॉर्मवर कुठेच नसतं. सात नंबरचे काका रात्री तीनच्या सुमाराला उठणार हे मला माहीत असतं, मी पावणेतीनला तिकडे चक्कर मारतो. ते लिहायला जागा आहे का तुमच्या सहा मुद्द्यांत?

तोलमोल

फिजिओ आहे, म्हणून चालीबद्दलच लिहितो, कारण तो रकाना झोपलेल्या पेशंटकडे बघून भरलेला मी रोज पाहतो. झोपलेल्या माणसाची चाल कशी कळते, हे मलाही शिकवा कुणीतरी.

अशक्त चाल आणि बिघडलेली चाल यात फरक आहे. अशक्त (१०): माणूस थोडा वाकलेला, पावलं आखूड, कदाचित पाय घासत, पण चालता चालता मान वर करून तुमच्याकडे बघू शकतो, तोल जात नाही. कशाला हात लावलाच तर चाचपण्यापुरता. बिघडलेली (२०): खुर्चीतून उठायलाच जमत नाही, दोन्ही हात रेटून दोन-तीनदा हिसका देऊन उठतो, मान खाली, नजर जमिनीवर, आणि हाताला येईल ते घट्ट पकडतो. पकडलेल्या बोटांची पेरं पांढरी पडतात, ती बघा.

यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. सकाळी चादर बदलायला पेशंटला खुर्चीत बसवताच ना? तेवढ्यात दिसतं. चालवताना त्याच्याशी बोला. उत्तर देण्यासाठी जो थांबतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. चालणं आणि बोलणं एकत्र जमत नसेल तर तोल सांभाळण्यातच त्याचं सगळं लक्ष खर्च होतंय.

मधली_लेक

नातेवाईक म्हणून लिहिते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. आईला ॲडमिट केलं तेव्हा हाताला पिवळा बँड बांधला. आम्हाला वाटलं वॉर्डचा रंग असेल. कॉटवर पिवळं त्रिकोणी चित्रही होतं. तिसऱ्या दिवशी आई बाथरूमच्या दारात पडली. मनगट मोडलं. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "अहो, त्या हाय रिस्क होत्या, बँड होता ना!"

बँड होता. तो कशासाठी आहे हे ना आईला माहीत, ना मला. मी त्या वेळी खाली चहा प्यायला गेले होते, "बस, आलेच" म्हणून. मला कुणी सांगितलं असतं तर जाताना सिस्टरना सांगून गेले असते.

वॉर्डवाली

मधली_लेक, आई आता बऱ्या आहेत ना? तुम्ही लिहिलंत ते माझ्या प्रशिक्षणात वाचून दाखवू का? नाव-गाव काही न घेता. बँड बांधला की काम झालं असं वाटणं, हीच आमची खरी अडचण आहे.

रातकिडा, पावणेतीनची चक्कर लिहायला जागा नाही हे खरं, आणि ती फॉर्मची चूक आहे, तुमची नाही. पण तुमची सुट्टी असेल त्या रात्री काकांकडे पावणेतीनला कोण जाईल?

रातकिडा

निरुत्तर. हँडओव्हरमध्ये, पाळी बदलताना, सांगतो तसं, पण घाईत राहतं.

नाडीवाला_डॉक्टर

थोडं तेल ओततो. मुळात हा स्कोअर ठेवायचाच कशाला?

ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत साफ सांगितलं, की हॉस्पिटलमधला पेशंट पडेल की नाही याचं भाकीत करणारे स्कोअर वापरू नका. ६५ आणि त्यावरचे सगळे धोक्यात धरा, ५० ते ६४ मधले ज्यांच्याबद्दल डॉक्टर-नर्सना शंका येते तेही धरा, आणि प्रत्येकाची कारणं शोधून त्यावर उपाय करा. २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांचाही सूर तोच. ऑस्ट्रेलियात दहा हॉस्पिटलांत चाचणी झाली. काही ठिकाणी नर्सनी स्कोअर काढणं बंद करून थेट उपायांवर भर दिला, तरी पडण्याचं प्रमाण वाढलं नाही.

कारण उघड आहे. मधुमेह आणि रक्तदाब असलेला कुठलाही पेशंट घ्या: दोन निदानांचे १५, लॉकचे २०, तापाने आलेल्या अशक्तपणाचे १०. झाले ४५. आयुष्यात कधी न पडलेला माणूस हाय रिस्क! मेडिसिनच्या वॉर्डात त्या हिशोबाने निम्म्याहून जास्त कॉटांवर पिवळा त्रिकोण लागतो. मग त्याकडे बघतो कोण?

आणि मॉर्समध्ये औषधांचा रकानाच नाही. हेंड्रिक स्केलमध्ये किमान फिट्सची औषधं आणि बेंझोडायझेपीन गटातल्या झोपेच्या गोळ्या धरल्यात. माझ्या मते रात्री पडलेल्या पेशंटच्या औषधांचा चार्ट उघडला की निम्मं उत्तर तिथेच असतं. लघवीची गोळी संध्याकाळी, वर झोपेची गोळी, वर रक्तदाबाचा डोस कालच वाढवलेला.

निवृत्त_मेट्रन

डॉक्टरसाहेब, त्या गोळ्या संध्याकाळी लिहितं कोण? :)

आमच्या वेळी स्कोअर नव्हता. राउंड घेताना पायातल्या चपला, उशाशी पाणी, हाताशी बेल, एवढं बघितलं जायचं. तरी पेशंट पडायचे, उगाच जुनं ते सोनं म्हणणार नाही. पण तेव्हाच्या नर्सला "हा का पडेल?" विचारलं तर ती सांगायची. आत्ताची सांगते, "पन्नास आहे मॅडम."

तोलमोल

मेट्रन मॅडमना +१. "पन्नास आहे" हे उत्तर मी रोज ऐकतो.

वॉर्डवाली

डॉक्टर, तुम्ही म्हणता ते वाचलंय आणि बरंचसं पटतं. पण दोन गोष्टी.

एक, ज्या हॉस्पिटलला जेसीआयचं (हॉस्पिटलच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय) मानांकन घ्यायचंय तिथे सहावं सुरक्षा उद्दिष्टच पडण्यामुळे होणारी इजा कमी करण्याचं आहे. कुठल्या ना कुठल्या पद्धतीने मूल्यमापन दाखवावंच लागतं, आणि व्यवस्थापनाला आकडा आवडतो. स्कोअर उद्या जाणार नाही. तोवर जो आहे तो तरी समजून भरला जावा.

दुसरी गोष्ट, नवीन मुलीला "तुझ्या बुद्धीने ठरव" म्हटलं तर ती काहीच ठरवत नाही. सहा मुद्दे तिला कुठे बघायचं हे तरी सांगतात. बेरजेवर माझा जीव नाहीच. प्रत्येक मुद्द्यासमोर "मग मी काय केलं?" हे लिहिलं गेलं तर बेरीज फाडून टाकली तरी चालेल.

ही माझी एकटीची कल्पना नाही. बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांत 'फॉल टिप्स' नावाची पद्धत वापरली, त्याचा अभ्यास २०२० मध्ये आला. कॉटशेजारी एक कागद. डावीकडे या पेशंटचे धोके, उजवीकडे त्या त्या धोक्याचा उपाय, आणि तो भरायचा पेशंट आणि नातेवाईकांसोबत बसून. एकूण पडणं सुमारे १५ टक्क्यांनी आणि इजा होणारं पडणं ३४ टक्क्यांनी कमी झालं. मधली_लेक, पिवळ्या बँडने तुम्हाला जे सांगितलं नाही ते हा कागद सांगतो.

पहिल्या_वर्षाची

मी विद्यार्थिनी आहे, प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या. हाय रिस्क म्हणजे पडण्याचा धोका जास्त, की पडल्यावर लागण्याचा? आम्हाला दोन्ही एकच असल्यासारखं शिकवलंय.

निवृत्त_मेट्रन

बाळबोध नाही गं, हा प्रश्न मोठेमोठे विचारत नाहीत. दोन्ही वेगळं आहे. चार गोष्टी लक्षात ठेव: वय, हाडं, रक्त, शस्त्रक्रिया. वय पंच्याऐंशीच्या पुढचं, हाडं ठिसूळ किंवा कॅन्सर हाडात गेलेला, रक्त पातळ करणारी औषधं चालू किंवा प्लेटलेट्स कमी, आणि नुकतंच मोठं ऑपरेशन झालेलं. यातलं एक जरी असलं तरी स्कोअर २० असो नाहीतर ८०, तो पेशंट पडता कामा नये. रक्त पातळ करण्याच्या गोळीवरचा माणूस हळूच टेकून पडला, डोक्याला टेंगूळसुद्धा नाही, आणि काही तासांनी गुंगीत गेला, असं होऊ शकतं. म्हणून पडल्यावर "लागलं नाही ना? मग झोपा" म्हणून सोडायचं नाही. आणि पडलेल्याला खसकन उचलायचं तर मुळीच नाही. जमिनीवर आहे तसाच ठेवून आधी शुद्ध, डोकं, मान, मग पाय बघायचे. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, तर खुबा मोडलाय असं धरूनच चालायचं.

नाडीवाला_डॉक्टर

मेट्रन मॅडम, संध्याकाळच्या गोळीचा टोला मान्य. :) आता पाळीवाल्यांना एक विनंती. हाय रिस्क पेशंटचं बीपी झोपून आणि उभं राहून, दोन्ही घ्या. पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर मला फोन करा, गोळ्या मी बघतो. चार्टवर सगळी बीपी झोपून घेतलेली असतात आणि पेशंट पडतो उभा राहिल्यावर.

रातकिडा

उभं करून तीन मिनिटं धरायला माणूस द्या, घेतो. टोमणा नाही, खरंच सांगतोय. दोघांत हे होत नाही. दिवसपाळीत होईल.

आणि कॉटच्या कठड्यांबद्दल बोला कुणीतरी. नातेवाईकांचा आग्रह असतो, चारही वर करा. न केले तर तक्रार.

निवृत्त_मेट्रन

शुद्धीवर आणि शांत पेशंट असेल तर ठीक. पण गोंधळलेला पेशंट कठड्यावरून चढून उतरतो. म्हणजे दोन फुटांवरून पडायचा तो साडेतीन फुटांवरून. अशासाठी कॉट अगदी खाली आणि खाली पातळ गादी, हे बरं. बांधून ठेवणं तर विचारूच नका. बांधल्याने अस्वस्थपणा वाढतो, पायातली ताकद जाते, आणि सोडल्यावर पडायचा तो पडतोच.

तोलमोल

कॉटच्या अलार्मबद्दलही लिहितो, कारण खरेदी-विभागाला तो फार आवडतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या १६ युनिटमध्ये तपासून बघितलं. अलार्मचा वापर भरपूर वाढला, पडणं कमी झालं नाही. अलार्म वाजेपर्यंत माणूस उठलेला असतो.

पहिल्या_वर्षाची

मग स्कोअर कमी आलाय पण मला आतून वाटतंय की हे पडतील, तर काय करायचं? बेरीज तर बदलता येत नाही.

वॉर्डवाली

आकडा खोटा वाढवायचा नाही. बेरीज आहे ती ठेव आणि खाली लिही: "स्कोअर ४०, पण पेशंट न सांगता उठतो, हाय रिस्क धरून काळजी घेत आहोत." एक ओळ पुरते. कारण लिहिलंस की पुढच्या पाळीला आकड्यापेक्षा जास्त कळतं. वरिष्ठ ओरडल्या तर माझं नाव सांग.

बाकी सगळं वाचून आमच्याकडे एक बदल करून बघतेय. हँडओव्हरमध्ये स्कोअर सांगणं बंद. त्याऐवजी एका वाक्यात, "हे का पडतील आणि आपण काय करतोय." सात नंबर: रात्री तीनला लघवीला उठतात, पावणेतीनला नेतो. एवढंच. पहिल्या दिवशी सगळ्या गप्प बसल्या, कारण उत्तर फाईलमध्ये नव्हतं. आता निदान भांडतात तरी, की नाही मॅडम, ते तीनला नाही, साडेचारला उठतात. काहीजणी अजून "हाय रिस्क आहे मॅडम" एवढ्यावरच थांबतात, त्यांना सोडत नाही.

एक काळजी आहे. वॉर्डात पडण्याच्या नोंदी वाढल्यात. वरून विचारणा आली. मी सांगितलं, आधी कॉटजवळ घसरून बसलेल्यांची नोंदच होत नव्हती, आता होतेय. पटलंय की नाही, कळायला मार्ग नाही.

नाडीवाला_डॉक्टर

दर हजार पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस वॉर्डात, म्हणजे एक) किती, आणि त्यात इजा झालेले किती, असे दोन आकडे वेगवेगळे दाखवा. नोंदी वाढल्या आणि इजा तेवढ्याच राहिल्या तर तुमचं म्हणणं त्यांना पटेल. इजाही वाढल्या तर मात्र खरंच बघावं लागेल.

मधली_लेक

ताई, जरूर वाचून दाखवा. आईचं मनगट जुळलं, आता ती पुन्हा भाजी निवडते. :)

पुढच्या वेळी कुणाला ॲडमिट करायची वेळ आली तर नातेवाइकांनी आपणहून काय सांगावं?

वॉर्डवाली

घरी रात्री किती वाजता बाथरूमला उठतात. उठल्यावर दिवा लावतात की अंधारातच जातात. घरात चालताना भिंत, कपाट धरतात का (हे पेशंट स्वतः कधीच कबूल करत नाही, तुम्ही सांगा, हवं तर बाहेर येऊन). मागच्या काही महिन्यांत कुठे तोल गेला होता का, न लागता पडले असतील तरी. चष्मा आणि श्रवणयंत्र घरी राहिलंय का. आणि घरच्या पलंगावरून कुठल्या बाजूने उतरतात. झोपेत सवयीने माणूस त्याच बाजूने पाय खाली सोडतो, आणि इथे नेमका त्या बाजूला कठडा किंवा स्टँड असतो.

आणि तुम्ही चहाला जाताना आम्हाला सांगून जा. त्यासाठी कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही.

रातकिडा

कुठल्या बाजूने उतरतात, हे आजवर कधी विचारलं नव्हतं. आज सात नंबरला विचारलं. डावीकडून. स्टँड डावीकडेच होता, तो उजवीकडे घेतला, पण लॉक डाव्या हाताला, नळी पुरेना. लांब एक्स्टेन्शन मागवलंय. स्टोअर म्हणतंय, इंडेंट पाठवा.